पडद्यावरची रेघ कोणासाठी? मॉनिटरचा इतिहास वाचताना

आयसीयूतल्या मॉनिटरचा इतिहास लिहायला घेतला की एक यादी आपोआप तयार होते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयातली विद्युत हालचाल शरीराबाहेरून टिपली. मग आइंथोव्हेनचा स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर, त्याचं १९२४ चं नोबेल, मग पडदा, मग संगणक. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ही यादी शोभून दिसते. पण मोजणं आणि नजर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी ती एकाच माळेत ओवते.

ईसीजीची पट्टी काढली, वाचली, केस पेपरला चिकटवली की काम झालं. ते मोजणं. नजर ठेवायची तर रेघ सतत हलती हवी आणि समोर कुणीतरी हवं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या हिमेलस्टीन आणि शायनर यांनी शस्त्रक्रियेदरम्यान ईसीजी आणि ठोक्यांचा वेग पडद्यावर दाखवणारं यंत्र मांडलं. जुन्या पडद्यांवर एक ठिपका डावीकडून उजवीकडे उड्या मारत जायचा आणि त्याची शेपटी विझत जायची. म्हणजे चार-पाच सेकंदांपूर्वी काय झालं ते बघायला नजर तिथेच असावी लागे. सिग्नल साठवून आख्खी लाट पडद्यावर ठेवणं डिजिटल मेमरी आल्यावरच सोपं झालं. (इंजिनीअरिंगवाल्या मित्रांना यात विशेष वाटत नाही. ठिपक्याकडे बघत रात्रपाळी काढणाऱ्यांना वाटलं असेल!)

आता खरी मेख. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांसाठी वेगळे कक्ष निघाले. कॅन्सस सिटीतला ह्यूज डे यांचा कक्ष १९६२ चा. न्यूयॉर्कच्या थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी अशाच एका कक्षातल्या २५० रुग्णांचा दोन वर्षांचा अनुभव १९६७ मध्ये छापला. नुसतं रुग्णांना मॉनिटरखाली आणून मृत्यू फारसे कमी झाले नव्हते. डॉक्टरची वाट न बघता उपचार सुरू करायची, शॉक द्यायची मुभा नर्सना मिळाली आणि आकडा हलला. ज्यांना कार्डिओजेनिक शॉक नव्हता अशा रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण २६ टक्क्यांवरून ७ वर आलं. पडदा तोच, रेघ तीच. बदलला तो हात उचलण्याचा अधिकार. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये हे कुठेही सापडणार नाही.

हा फरक डोक्यात ठेवून आपल्याकडचं एक उदाहरण वाचू. न्हावा शेव्याहून खाडीपलीकडे बघितलं तर घारापुरीच्या मागे ट्रॉम्बे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जी. डी. जिंदल आणि सहकाऱ्यांनी इम्पीडन्स प्लेथिस्मोग्राफीवर बरीच वर्षं काम केलं. तत्त्व सुंदर आहे. हातापायाला चार इलेक्ट्रोड लावायचे. बाहेरच्या दोनांतून उच्च वारंवारतेचा, रुग्णाला जाणवणारही नाही इतका बारीक प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचं. रक्त वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला त्या भागात रक्त भरलं की विरोध किंचित घटतो. ती घट म्हणजेच नाडीची लाट. सुई नाही, कॅथेटर नाही.

मुंबईतल्या जी. बी. पारुलकर आणि इतर डॉक्टरांसोबत या गटाने १९८१ मध्ये 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये लेख लिहिला. विषय होता हातापायांच्या धमन्यांतले अडथळे. विद्यार्थी हा लेख पटकन 'भारतीय मॉनिटरिंगची सुरुवात' म्हणून उचलतील. तसं करू नका. त्यातला प्रश्न आहे 'धमनी कुठे बंद आहे?' 'आत्ता, या क्षणी काय बिघडतंय?' हा नाही. ते निदान आहे, पहारा नव्हे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. जिंदल यांचं पुढचं काम पनवेलजवळ कामोठ्याच्या एमजीएममधूनही छापून आलं. २०१६ च्या एका लेखाचा विषय ठोक्यांमधल्या अंतराचे चढउतार. तिथेही एकेका ठोक्याला अर्थ नसतो, काही मिनिटांची सलग नोंद लागते. म्हणजे 'रिअल टाइम' हा शब्द बघून हुरळण्याआधी विचारावं: किती वेळाची खिडकी, आणि निर्णय कधी घ्यायचाय?

अडचण साधनांची आहे. छापील लाटा लेखांत टिकल्या, पडद्यावरच्या विझल्या. मग कुठे शोधायचं? मी तरी खरेदीच्या फायलींपेक्षा ड्यूटी रजिस्टर आधी मागेन: रात्री एका सिस्टरकडे किती खाटा होत्या, डिफिब्रिलेटर कुठल्या खोलीत होता, कपाटाची किल्ली कोणाकडे. आणि निवृत्त सिस्टरांना भेटेन, कारण अलार्म वाजल्यावर आधी रुग्णाकडे धावायचं की डॉक्टरला फोन करायचा, हे त्याच सांगू शकतील.