निपुत्रिक

इरुंगाट्टुकोट्टैत राहून मराठीत अनुवाद करणाऱ्या माणसाला शेजारी नेहमी एकच विचारतात: इथे मराठी कोण वाचणार? भोवती मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने, पलीकडे शर्यतीचा ट्रॅक, आणि दारावरून श्रीपेरुंबुदूरकडे, पुढे बंगळूरला जाणारा हमरस्ता. गावाच्या नावात ‘कोट्टै’ म्हणजे किल्ला आहे, पण मला रोज दिसतात ते कंटेनर. गेल्या पावसाळ्यात (आमचा पावसाळा म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर) तंजावरच्या भोसल्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करत होते. दुसरा शिवाजी 29 ऑक्टोबर 1855 रोजी वारला, या वाक्यापाशी लेखकाने लिहिलं होतं की त्याला पुरुष वारस नव्हता. हाताने आपोआप लिहिलं: ‘निपुत्रिक वारला’. आणि पुढच्याच ओळीत त्याच्या दोन मुली आल्या.

शाळेच्या इतिहासात आपण हा शब्द इतक्यांदा घोकलेला आहे की तो खटकतच नाही. राजा निपुत्रिक वारला, संस्थान खालसा झालं. सातारा, नागपूर, झाशी. त्या प्रकरणांत भांडण होतं ते दत्तकाचं. तंजावरात दत्तक नव्हता, रक्ताच्या लेकी होत्या. आपल्या भाषेत मुली असलेला बापही निपुत्रिकच, त्यामुळे कंपनीच्या बाजूचं अर्धं काम मराठीने आधीच करून ठेवलेलं.

इंग्रजांकडेही असा शब्द आहे. उमरावाची पदवी देताना राजाच्या सनदेत ती कोणाकडे उतरेल हे लिहिलेलं असतं, आणि बहुतेक सनदांत ते असतं ‘देहापासून झालेले पुरुष वारस’. आपल्याकडच्या वतनाशी याची तुलना करायचा मोह होतो, पण वतनाचे हिस्से पडत, ते गहाण टाकता येई, विकताही येई. अर्लची पदवी विकता येत नाही की भावाभावांत वाटता येत नाही. सेनाखासखेल, सेनासाहेबसुभा, सरखेल ही आपली पदं घराण्यांत टिकली खरी, पण प्रत्येक नव्या धन्याला छत्रपतींकडून वस्त्रं घ्यावी लागत. इंग्रजी पदवीला पुन्हा कोणाची मंजुरी लागत नाही. मुलगा असला तर ती खाली उतरते, नसला तर विझते.

विझलेली पदवी पुन्हा पेटवता येते, हे मात्र मला एका वेगळ्याच वाटेने कळलं. 1798 ते 1803 या काळात मद्रासचा गव्हर्नर होता एडवर्ड क्लाइव्ह, प्लासीवाल्या रॉबर्टचा मुलगा. बापाला 1762 साली ‘बॅरन क्लाइव्ह ऑफ प्लासी’ ही पदवी मिळाली होती. ती आयर्लंडची, इंग्लंडच्या मानाने हलकी समजली जाणारी. पदवीला गाव हवं म्हणून त्याने आयर्लंडमधल्या आपल्या जमिनीलाच प्लासी नाव दिलं. बंगालातलं गाव असं आयर्लंडच्या नकाशावर गेलं. मुलाने लग्न केलं वेल्समधल्या पॉविसच्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी. घराणं जुनं, किल्ला जुना, आणि कर्जंही जुनी. हेन्रिएटाचा भाऊ, पॉविसचा अर्ल, 1801 च्या जानेवारीत अविवाहित वारला. बहिणीला पदवी चालवता येत नव्हती, म्हणून ती बुडाली. जहागीर गेली बहिणीच्या मुलाकडे, अट एवढीच की त्याने हर्बर्ट आडनाव लावावं. 1807 साली त्याने ते लावलं. मधल्या काळात, 1804 साली, राजाने तीच पदवी नव्याने निर्माण करून मेव्हण्याला, म्हणजे एडवर्ड क्लाइव्हला दिली. आणि ही काही पहिली खेप नव्हती. पॉविसची अर्लकी 1674 आणि 1748 साली एकेकदा देऊन झाली होती. आता तिसरी सनद. नियम कुठेच मोडला नाही, फक्त नवा कागद लिहिला.

याच एडवर्ड क्लाइव्हच्या कारकिर्दीत, 25 ऑक्टोबर 1799 रोजी, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीने राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्याला उरला किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. सरफोजी स्वतः दत्तक. तुळजाजीने 1787 साली मरणापूर्वी त्याला मांडीवर घेतलं. आधी पंडितांनी ते दत्तविधान अशास्त्र ठरवलं आणि तुळजाजीचा भाऊ अमरसिंग गादीवर आला. मग दुसऱ्या पंडितांनी ते शास्त्रशुद्ध ठरवलं. शास्त्र तेच होतं. असं दोनदा तोललं गेलेलं माणूस आपली वंशावळ कागदावर सोडून कसं स्वस्थ बसेल? 1803 च्या डिसेंबरात सरफोजीने भोसल्यांचा वंश बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. पुढच्याच वर्षी पॉविसची सनद निघाली. बृहदीश्वराच्या त्या भिंतीपुढे मी दोनदा उभी राहिले आहे. तमीळ पुजारी, तमीळ भाविक, आणि दगडात मैलभर मराठी. तिथे मला कोणी विचारलं नाही, हे कोण वाचणार म्हणून.

लेडी क्लाइव्ह 1800 च्या मार्चमध्ये दोन मुलींना घेऊन मद्रासहून बंगळूर-श्रीरंगपट्टणच्या प्रवासाला निघाली. धाकटी शार्लट तेव्हा लहान होती. पुढे ती नॉर्थम्बरलंडची डचेस झाली आणि राजकन्या व्हिक्टोरियाची शिक्षिका नेमली गेली. म्हणजे जी मुलगी 1837 साली, भाऊ नसल्यामुळे, गादीवर बसली तिची.

तंजावरच्या दोन मुलींचं काय झालं? रेसिडेंट फोर्ब्सने शिफारस केली होती की मुलीला गादी द्यावी. वरच्यांनी ती फेटाळली. मग त्याच फोर्ब्सने 1856 साली शिपाई आणून राजवाड्याला कुलपं ठोकली, राण्यांच्या खाजगी चीजवस्तूंसकट. थोरली राणी कामाक्षीबाई कोर्टात गेली. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1859 साली तो फिरवला: हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, त्यात कोर्टाला पडता येत नाही. चूक की बरोबर हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. खाजगी मालमत्ता 1862 साली परत मिळाली. वाचलेल्या मुलीला, मुक्तांबाबाईला, पुढे ‘प्रिन्सेस ऑफ तंजोर’ म्हणून मान्यता मिळाली. राज्य नव्हतं, मान होता.

नवा कागद लिहायची पद्धत मद्रासला अगदीच अपरिचित होती असंही नाही. शिवाजीच्या तीनच आठवडे आधी कर्नाटकचा नवाब वारला होता. तिथेही वारस नाही म्हणून नवाबी बुडवली, पण 1867 साली व्हिक्टोरियाने त्याच्या चुलत्याला ‘प्रिन्स ऑफ अर्काट’ ही वंशपरंपरागत पदवी दिली. 1971 साली तनखे आणि राजेपणा गेले, तरी ही पदवी सुटली. चेन्नईत रायपेट्ट्याच्या अमीर महालात ती आजही आहे.

अनुवादात मी ‘निपुत्रिक’ खोडून ‘दोन मुली मागे ठेवून वारला’ असं लिहिलं. तपासणाऱ्या मित्राने समासात खूण केली: ‘मग संस्थान खालसा का झालं, हे वाचकाला कळत नाही.’ मी ती खूण तशीच ठेवून पानं पाठवली.