संसारी गाडीचा वेग

माझे मामू कुर्ल्याला एका गॅरेजात मिस्त्री होते. शाळेला सुट्टी लागली की मी गावाहून त्यांच्याकडे जायचो आणि दिवसभर गॅरेजात लुडबुडायचो. एकदा तिथं एक परदेशी स्पोर्ट्स कार दुरुस्तीला आली. दोन दारं, दोन माणसांची जागा, जमिनीला टेकलेलं बसकं अंग. मी तर हरखूनच गेलो. मामूंनी हात पुसत तिच्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "गाडी तो नवाब है, बेटा. मगर तेरी मुमानी और चार बच्चे बैठेंगे कहाँ?"

मामूंचा हा प्रश्न तसा जगभरच्या संसारी माणसाचा. वेगाची हौस कुणाला नसते? पण घरात आई-वडील असतात, पोरं असतात, आठवड्याचा बाजार असतो. स्पोर्ट्स कार म्हणते, संसार घरी ठेवून ये. या पेचातून युरोपातल्या काही इंजिनिअरांनी एक वाट काढली. तिचं नाव हॉट हॅचबॅक. हॅचबॅक म्हणजे जिचा मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो, अशी आखूड घरगुती मोटार. तिच्यात ताकदीचं इंजिन बसवलं, चाकांची पकड आणि ब्रेक सुधारले, की झाली हॉट हॅचबॅक. आज तिचीच थोडी हकिगत सांगायची आहे.

सुरुवात टंचाईतून झाली. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. कमी पेट्रोलात चार माणसं नेणारी गाडी हवी होती. अलेक इसिगोनिस या अभियंत्यानं इंजिन आडवं बसवलं, त्याची ताकद पुढच्याच चाकांना दिली आणि चारही चाकं चार कोपऱ्यांत ढकलली. १९५९ साली आलेली ही गाडी म्हणजे मिनी. जेमतेम तीन मीटर लांबीची. पण आत चार माणसं बसत. काटकसरीसाठी बांधलेल्या या गाडीचा एक गुण नंतर लक्षात आला. अंग हलकं आणि चाकं कोपऱ्यांत, त्यामुळे ती वळणावर विलक्षण चपळ होती. रेसिंगच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांनी हे ओळखलं आणि १९६१ साली मिनी कूपर आली. १९६४ साली तिनं माँटे कार्लोची रॅली जिंकली. बर्फाळ घाटरस्त्यांवर मोठमोठ्या गाड्या मागे राहिल्या. मिनीला मागचा वर उघडणारा दरवाजा नव्हता, म्हणून ती काटेकोर अर्थानं हॅचबॅक नव्हे. पण पुढच्या साऱ्या वंशाची आजी तीच.

दुसरी टंचाई १९७३ सालची. अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव भडकले. अशा काळात वेगवान गाडीचा विचार करणं म्हणजे दुष्काळात पंगतीचा बेत आखणं! तरीही जर्मनीतल्या फोक्सवॅगन कंपनीत मूठभर माणसं, वरिष्ठांना फारसं कळू न देता, एका कल्पनेवर काम करत होती. १९७४ साली कंपनीनं गोल्फ ही साधी हॅचबॅक बाजारात आणली होती. तिला जोरकस इंजिन दिलं तर? १९७५ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय लोकांसमोर आली आणि १९७६ साली तिची विक्री सुरू झाली. इंजिन १५८८ सीसीचं, ताकद ११० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी १८२ किलोमीटर. बाहेरून खूण म्हणाल तर पुढच्या जाळीभोवती लाल रेघ आणि खिडकीच्या काठांना काळी किनार. आतल्या बैठकांना चौकटीचं कापड आणि गिअरच्या दांड्याला गोल्फच्या चेंडूसारखी मूठ. या दोन्ही गोष्टी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंनी सुचवलेल्या. कंपनीचा अंदाज होता, पाच हजार गाड्या खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

एवढं काय होतं त्या गाडीत? हे समजायला तिच्याशेजारी दुसऱ्या दोन गाड्या उभ्या करून पाहू.

पहिली एमजीबी, इंग्लंडची लाडकी उघडी स्पोर्ट्स कार. १९६२ सालापासून ती बनत होती. इंजिन १७९८ सीसीचं, म्हणजे गोल्फपेक्षा मोठं. पण वेगात गोल्फ जीटीआय तिच्या पुढे जाई आणि वर मागच्या बाकावर पोरं बसत. १९८० साली एमजीबीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. तिला काही एकट्या गोल्फनं मारलं नाही. कंपनीची स्वतःची दुखणी पुष्कळ होती. पण वेगासाठी गैरसोय सोसलीच पाहिजे, हा समज मात्र तेव्हाच मोडला.

दुसरी फोर्डची काप्री, १९६९ साली आलेली कूपे. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छपराची डौलदार गाडी. काप्रीचं अंग देखणं, पण आतली यंत्रणा बरीचशी फोर्डच्याच घरगुती कॉर्टिनाची. म्हणजे माणूस साधा, शेरवानी भरजरी. गोल्फ जीटीआय नेमकी उलट. कपडे रोजचे, पण अंगात पाणी वेगळं. कूपे बघणाऱ्यासाठी असते, हॉट हॅचबॅक चालवणाऱ्यासाठी. मला तर तिच्यात गझलेच्या शेराचा गुण दिसतो. दोन ओळींची मर्यादा पाळायची आणि त्यातच काय बोलायचं ते बोलायचं. जागा वाढवून मागायची नाही.

१९८४ साली फ्रान्समधून प्यूजो २०५ जीटीआय आली आणि या गाड्यांचा बहर सुरू झाला. ती इतकी हलकी आणि जिवंत होती, की आजही जाणकार तिचं नाव पहिल्या दोन-तीनांत घेतात. पण तिला एक खोड होती. वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की गाडीचं वजन पुढे झुकायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि शेपूट बाहेर फेकलं जायचं. कसलेल्या माणसाला त्यात मजा. नवख्याला मात्र तो धडा महागात पडायचा.

या कहाणीला एक काळी बाजूही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. स्वस्तात मिळणारा वेग ज्यांना स्वस्तातही परवडत नव्हता, त्यांचं काय? ऑक्सफर्डजवळ काउली इथं मोटारींचा प्रचंड कारखाना. पहिल्या काही मिनी तिथंच बनल्या. त्याच्याच लगत ब्लॅकबर्ड लीज ही कामगारांची वसाहत. १९९१ च्या सुमारास तिथली काही पोरं चोरलेल्या हॉट हॅचबॅक रात्री रस्त्यावर गरागरा फिरवून दाखवत आणि वस्तीतली माणसं कडेला उभी राहून पाहत. पोलिसांनी बंदोबस्त केला तेव्हा दंगल झाली. चोरलेल्या गाड्यांच्या अपघातांत ठिकठिकाणी माणसं मेली. १९९२ साली ब्रिटनला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते इतके चढले, की तरुणांच्या हातून ही गाडी निसटली. मला या प्रसंगात चोरी दिसते, तशी भूकही दिसते. ज्यांच्या वाडवडलांनी गाड्या घडवल्या, त्यांच्या नातवंडांनी त्या चोरून का चालवाव्यात?

आपल्याकडे या वंशाची खरी ओळख २००१ साली झाली, तीही मामूंच्या कुर्ल्यातच. फियाटच्या तिथल्या कारखान्यातून पालिओ बाहेर पडली. तिचा १६०० सीसीचा जीटीएक्स हा प्रकार शंभर अश्वशक्तीचा. जाहिरातीला सचिन तेंडुलकर. पुढच्याच वर्षी सचिनला मायकेल शूमाकरच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. फेरारी तेव्हा फियाटच्याच मालकीची. म्हणजे दोन्ही गाड्या एका घरच्या. त्या फेरारीच्या आयातशुल्काचा वाद २००३ साली वर्तमानपत्रांनी किती दिवस चघळला! जीटीएक्सची मात्र बातमी झाली नाही. ती चालवणारी माणसं सकाळी कामावर जात आणि रविवारी पोराबाळांसकट घाटातून लोणावळ्याला.

पुढे २००६ साली अबकारी कराची सवलत आली ती चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांना. मोठं इंजिन लहान गाडीत घालणं त्यामुळे तोट्याचं ठरलं. त्याही चौकटीत २०१३ साली चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटीनं ११९७ सीसीच्या टर्बो इंजिनातून १०५ अश्वशक्ती काढून दाखवली. आणि २०२५ साली खुद्द गोल्फ जीटीआय भारतात आली. किंमत सुमारे ५३ लाख रुपये! टंचाईच्या काळात संसारी माणसासाठी जन्मलेली गाडी आपल्या दारी आली ती नवाब होऊन.

युरोपात विजेवरच्या हॉट हॅचबॅक आता सुरू झाल्या आहेत. २०२५ सालचा युरोपातल्या सर्वोत्तम गाडीचा मान रेनो ५ आणि तिचीच तापट बहीण अल्पीन ए२९० यांना मिळून दिला गेला. त्यांत इंजिनाचा आवाज नाही, पण चार माणसं आणि बाजाराची पिशवी मावते.

मामू आज नाहीत. असते तर एखाद्या नव्या गाडीभोवती फिरून त्यांनी वेग विचारला नसता. मागचा दरवाजा वर उचलून आत डोकावले असते आणि म्हणाले असते, "हाँ, इसमें घर बैठ जाएगा." आणि मग चावी मागितली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)