ढगाच्या फुलाचं झाड

वाळुंज म्हटलं की आडनाव आठवतं. वाळूज म्हटलं की छत्रपती संभाजीनगरजवळची औद्योगिक वसाहत. झाड कुणाला आठवत नाही. विलो म्हणजे काश्मिरी बॅट, फार तर बुखनर या शास्त्रज्ञानं १८२८मध्ये त्याच्या सालीतून काढलेलं सॅलिसिन आणि पुढची ॲस्पिरिन. पण आपला देशी विलो सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी उभा आहे. त्याचंच नाव वाळुंज.

वाळूत उगवतो म्हणून वाळुंज, असं पहिल्यांदा वाटतं. मग शेवटचा ‘ज’ कुठला? संस्कृतातला वेतस म्हणजे हाच विलो, असं मानलं तर उत्तर मिळतं: अमरकोशात वेतसाचं एक नाव वंजुल आहे. वंजुलचा वंजुळ, आणि ळ-जची अदलाबदल होऊन वाळुंज. नुकसानीची ‘नुसकानी’ करणाऱ्या जिभेला एवढं सहज जमतं.

यावर आक्षेप येतो तो असा: वेतस म्हणजे काटेरी वेत, शिवाय वंजुल हे नाव अशोकाला आणि तिवसालाही आहे. आक्षेप खरा आहे. पण वेतसाच्या त्याच यादीत ‘अभ्रपुष्प’ही आहे. ढगाचं फूल! वेताला खवल्याखवल्यांची फळं धरतात, त्यांत ढग कुठे दिसतो? वाळुंजाची बोंडं मात्र उकलली की पांढरा कापूस वाऱ्यावर निघतो. अभ्रपुष्प म्हणजे पाणी, असाही अर्थ कोशात मिळतो. तरी ज्यानं हा कापूस उडताना पाहिला, त्यानंच हे नाव ठेवलं, असं मी धरून चालतो.

महाभारताच्या शांतिपर्वात सागर नद्यांना विचारतो: मोठमोठे वृक्ष वाहून आणता, वेतस का आणत नाही? तो वाकतो, म्हणून. पात्रातल्या वाळुंजाचं झुडूप पुरात नेमकं हेच करतं. मराठीत हा मान लव्हाळ्याला मिळाला, बहुधा तोवर वेतस कोण हेच आपण विसरलो होतो म्हणून.

ओळखताना शेरणी फसवते. तीही पात्रातलंच झुडूप, पानंही तशीच लांबट. पण तिचं फळ तीन कप्प्यांचं आणि त्यात कापूस नाही. वाळुंजाचं पान भाल्याच्या पात्यासारखं, खालून पांढुरकं. कळीवर टोपीसारखं एकच खवलं. नर-मादी झाडं वेगळी, फुलांचे तुरे लोंबते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं बोंडातल्या बिया मोजून त्याला ‘टेट्रास्पर्मा’, म्हणजे चार बियांचा, म्हटलं. कापूस हवा असेल तर मादीचंच झाड शोधावं लागतं.