बाटली क्रमांक ५३-एन

कोरोनाच्या साथीत, २०२१ साली, म्हसावद परिसरातील पाड्यांवर लशीविषयी मोठी साशंकता होती. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वयस्क शेतकरी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, ही लस आधी कोणाला टोचून पाहिली?" आम्ही उत्तर दिले, "आम्ही स्वतः घेतली आहे." त्यांनी मान हलविली, परंतु त्यांचे समाधान झाले नव्हते, हे आम्हांला दिसत होते. त्या प्रश्नाचा मागोवा घेता घेता आम्ही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत जाऊन पोहोचलो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांच्या अंगावरील गाठी पाहून, हा प्लेग होय, असे निदान गोव्यातील हडफडे येथे जन्मलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. धोबी तलावाजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी कितीजण तेथे क्षणभर थांबतात, कोण जाणे. असो. सरकारने लगोलग पाचारण केले ते वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाला. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हाफकिन त्या वेळी पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात फिरत होते.

ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केले. रश्श्यासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतूंचे लोलक खाली लोंबू लागत. मग उष्णता देऊन ते मारायचे. आपल्या स्वयंपाकघरातले तूप प्रयोगशाळेत असे कामी आले! आधी सशांवर प्रयोग झाले आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीपेक्षा पुष्कळ मोठी मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. ते बरे झाले.

यातून सिद्ध काय झाले? एवढेच की लस देणाऱ्याची नियत साफ आहे. लस प्लेगपासून वाचविते की नाही, हे एका माणसाच्या दंडावरून कळत नाही. हाफकिन यांना याची पुरती जाण होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. (तुरुंगातील स्वखुशी कितपत खुशीची, असा प्रश्न आज कोणीही विचारील, आणि तो विचारायलाच हवा.) लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही. न घेतलेल्या १७२ जणांपैकी बाराजण आजारी पडले, सहा दगावले.

आकडे लहान होते. पुढे दमणमध्ये मोठी पाहणी झाली. परंतु आमचे मन अडखळते ते बडोद्याजवळील उंढेरा या गावी. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्रत्येक कुटुंबातील जवळपास अर्ध्या माणसांना लस दिली गेली, अर्ध्यांना नाही. एकच घर, एकच चूल, एकच पाणी. म्हणजे फरक पडला तर तो लशीचाच. नंतर मोजदाद झाली. प्लेग शिरलेल्या २८ घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यांपैकी आठ आजारी पडले, तीन वारले. न घेतलेले ६४ होते. त्यांपैकी सत्तावीस आजारी पडले आणि सव्वीस वारले. ते सव्वीस जण कोणाचे आई-बाप, कोणाची लेकरे होती. लशीचा गुण ज्या तुलनेने सिद्ध झाला, तिची किंमत त्यांनी मोजली. आज अशा चाचणीआधी प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली लेखी संमती आणि नीतिसमितीची मान्यता लागते. त्या अटी उगाच आलेल्या नाहीत.

१८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली. पोर्तुगीज काळात तेथे आपल्या धर्मगुरूंचा मठ व चॅपेल होते. तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उजाडला. पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. पैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

दोष परळवर आला. लस बनविताना हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाऐवजी केवळ उष्णतेवर विसंबण्याची पद्धत घेतली होती. चौकशी समितीने तेवढ्यावर बोट ठेवले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु बाटलीला क्रमांक होता, नोंदी होत्या, म्हणून त्या दिवशी काय घडले याचा माग काढता आला. बूच काढण्यापूर्वी चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता केवळ कार्बोलिकमध्ये बुडवून तसाच वापरला गेला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू परळहूनच आले असते, तर इतक्या दिवसांत बाटलीला दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्याला तसे काहीच जाणवले नव्हते. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुरावा तपासला. हिवतापाचे कोडे उलगडणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे! ते कलकत्त्याला परतले, पण पूर्वीचे स्थान त्यांना पुन्हा लाभले नाही. परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ मध्ये. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

१९४० च्या औषध कायद्याखालील नियमांनुसार आपल्याकडील औषधाच्या वेष्टनावर बॅच क्रमांक छापावाच लागतो. बारीक अक्षरांतला तो आकडा आपण वाचीत नाही.

ते शेतकरी काका मागच्या पावसाळ्यात पुन्हा भेटले, नातीसाठी तापाच्या गोळ्या घेऊन निघाले होते. आम्ही पाकीट हाती घेऊन त्यांना तो क्रमांक दाखविला आणि ५३-एनची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "त्या एकोणीस जणांच्या घरच्यांना कोणी सांगितलं का, चिमटा पडला होता म्हणून?"