परकीय चलनातील कर्ज आणि विनिमय दराची जोखीम

ज्या कर्जाचे मुद्दल आणि व्याज कर्जदार देशाला डॉलर, युरो किंवा येन यांसारख्या परकीय चलनात फेडावे लागते, त्यास परकीय चलनातील कर्ज म्हणतात. सरकारचा करमहसूल मात्र देशी चलनात जमा होतो. त्यामुळे देशी चलन घसरले, की एक पैचेही नवे कर्ज न घेता परतफेडीचा भार वाढतो. हीच विनिमय दराची जोखीम होय.

विकसनशील देशांत देशांतर्गत बचत अनेकदा अपुरी असते आणि परदेशी गुंतवणूकदार त्यांच्या चलनात दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यास सहसा राजी नसतात. शिवाय डॉलरमधील कर्जाचा व्याजदर कमी असल्याने ते स्वस्त भासते. स्वतःच्या चलनात परदेशातून कर्ज उभारता न येण्याच्या या स्थितीला अर्थतज्ज्ञ बॅरी आयकेनग्रीन आणि रिकार्डो हाउसमन यांनी १९९९ मध्ये ‘मूळ पाप’ अशी संज्ञा दिली.

श्रीलंकेने २००७ मध्ये ५० कोटी डॉलरचे पहिले आंतरराष्ट्रीय सार्वभौम रोखे विकले आणि पुढे अशा रोख्यांवरील अवलंबित्व वाढत गेले. २०१९ मधील बॉम्बस्फोट व नंतरची कोरोना साथ यांमुळे पर्यटनातून मिळणारे डॉलर आटले. त्यातच करकपातीने महसूल घटला. मध्यवर्ती बँकेने गंगाजळी खर्ची घालून विनिमय दर डॉलरला सुमारे २०० रुपयांवर रोखून धरला. मार्च २०२२ मध्ये हे नियंत्रण सैल करताच मेपर्यंत दर ३६० रुपयांच्या आसपास पोहोचला. म्हणजेच १०० कोटी डॉलरच्या कर्जाची २०,००० कोटी रुपयांची किंमत काही आठवड्यांत ३६,००० कोटी रुपये झाली. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. इंधन, औषधे आणि स्वयंपाकाच्या गॅससाठी रांगा लागल्या. सप्टेंबरमध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांच्या जवळ गेला. कर्जाचे करार सरकारने केले होते. त्यांची झळ मात्र सामान्य कुटुंबांना बसली.

ही जोखीम सरकारी कर्जापुरती मर्यादित नाही. थायलंडमध्ये डॉलरचा दर अनेक वर्षे २५ बाटच्या आसपास स्थिर राहिल्याने खासगी कंपन्या व वित्तसंस्थांनी विनिमय दरातील चढउतारांपासून संरक्षण न घेताच कर्जे उचलली. २ जुलै १९९७ रोजी बाट बाजाराच्या स्वाधीन करण्यात आला आणि जानेवारी १९९८ मध्ये दर ५० बाटच्या पुढे गेला. स्थिर दराने जोखीम दूर झाली नव्हती, ती केवळ नजरेआड झाली होती.

पुरेशी गंगाजळी, वायदा करारांद्वारे संरक्षण आणि स्थानिक चलनातील रोखेबाजाराचा विकास हे यावरील प्रमुख उपाय मानले जातात. १९९१ च्या संकटात सोने गहाण ठेवावे लागलेल्या भारतात आज केंद्र सरकारचे बहुतांश कर्ज रुपयात आहे. २८ जून २०२४ पासून भारताचे सरकारी रोखे जे. पी. मॉर्गनच्या उदयोन्मुख बाजारपेठांच्या निर्देशांकात समाविष्ट होऊ लागले. या रोख्यांतील विनिमय दराची जोखीम परदेशी गुंतवणूकदार सोसतो. तथापि त्याने अचानक पैसा काढून घेतल्यास रुपयावर दबाव येऊ शकतो. परदेशातून डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्या भारतीय कंपन्यांपुढे तर ही जोखीम आजही कायम आहे.