रात्रीचा बाजार कुणाच्या हातांवर?

दक्षिण कोरियाच्या सोल शहरात दोंगदेमून नावाचा भाग आहे. तिथला कपड्यांचा घाऊक बाजार रात्रभर जागा असतो. गावोगावचे दुकानदार रात्री येऊन माल नेतात.

१९६०च्या दशकात इथल्या प्योंगह्वा बाजारात खाली दुकानं आणि वर शिलाईचे कारखाने होते. खोल्यांत मधे फळ्यांचा माळा घातलेला, त्यामुळे ताठ उभंही राहता येत नसे. तेरा-चौदा वर्षांच्या गरीब मुली तिथे रोज चौदा-चौदा तास राबत. कापडाच्या धुळीनं छाती भरून यायची. कामगार कायदा होता, पण कागदावरच.

चॉन तेइल हा तिथलाच तरुण शिंपी. या मुलींसाठी त्यानं सरकारदरबारी अर्ज केले. कुणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, 'आम्ही यंत्रं नाही' असं सांगत त्यानं स्वतःला जाळून घेतलं. वय अवघं बावीस.

त्याची आई, ई सोसन, रडत बसली नाही. त्याच महिन्यात कामगारांची संघटना उभी राहिली. तिच्यासाठी ती तुरुंगातही गेली. २०११ साली ती वारली, तेव्हा लोक तिला 'कामगारांची आई' म्हणत होते.

आपल्या गटातही शिवणकाम चालतं. कापड, दोरा, बटणं यांचा हिशेब आपण लिहितो. बायांचे तासही त्याच वहीत लिहूया.