बिलावर नाव कोणाचं?

 

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरची लाइन कापली गेली. दिवस शेवयांचे. त्यांच्या छपरीत गटाचं छोटं शेवयांचं यंत्र आहे. पाच-सहा घरांचा रवा भिजवून ठेवलेला आणि दुपारी वायर काढून नेली. थकबाकी सहा हजारांच्या वर दाखवली होती. लेखी नोटीस कुणी दिली नव्हती. आम्ही पाचजणी चौकशीला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "ग्राहक कुठे आहे?" ताई म्हणाल्या, "मीच आहे." समोरच्यानं बिल उलटून दाखवलं. बिलावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती.

घरात दिवा लावणारी ती, बिलाचे पैसे साठवणारी ती, रांगेत उभं राहून ते भरणारीही ती. तरी कागदावर ग्राहक म्हणून एक वारलेला माणूस. परत येताना आम्ही एकमेकींना विचारत होतो, ही वीज आपल्या गावात आली तरी कोणासाठी? त्याचा शोध घेताना जे वाचलं आणि म्हाताऱ्या बायांकडून जे ऐकलं, ते आज सांगतो.

आपल्या राज्यात विजेचं मोठं काम सुरू झालं ते मुंबईसाठी. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटातल्या पाण्याची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळाली. त्या गिरण्यांत आपल्या वऱ्हाडचाही कापूस जायचा. कापूस गेला, पण वीज इकडे यायला पुढची कित्येक वर्षं लागली. आमच्या आज्या-सासवांच्या काळी घरात चिमणी, पाहुणा आला तर कंदील. काच राखेनं पुसायची, वात कातरायची, घासलेट मापून जपायचं. पहाटे कोंबड्याच्या आधी उठून जात्यावर बसायचं, तेही अंधारातच.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. देशात धान्याची टंचाई होती. विहिरी खोदा, पंप बसवा, ओलित वाढवा, हाच त्या वेळचा मंत्र. १९६९ मध्ये केंद्र सरकारनं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. त्याच्या कर्जातून खांब उभे राहिले. खांब आधी विहिरीकडे गेले, कारण पीक वाढवायचं होतं. भुकेच्या दिवसांत ते चूक होतं असं आम्ही म्हणत नाही. पण पुढची गोष्ट समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

त्या काळी "गावाचं विद्युतीकरण झालं" याचा सरकारी अर्थ काय होता, माहीत आहे? गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली, तर गाव विजेचं! म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर मोटर चालली की सगळं गाव उजेडात धरायचं. मग गावात एकही दिवा नसला तरी चालेल. ही व्याख्या १९९७ पर्यंत चालली. तेव्हा ठरलं की वीज वस्तीत वापरली गेली पाहिजे. २००४ मध्ये आणखी सुधारणा झाली. गावात आणि दलित वस्तीत तारा-रोहित्र हवं, शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत वीज हवी. नीट ऐका, १० टक्के. शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव विजेचंच.

आपल्या भागात मुख्य गाव एकीकडे, बंजारा तांडा दुसरीकडे, कोलामांचं पोड आणखी लांब. गावाची मोजणी झाली की तांडा आणि पोड त्यात आपोआप मोजले जायचे, पण तार तिथं पोचलेली नसायची. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुमारे ६५ टक्केच घरांत वीज होती. २०११ मध्ये सुमारे ७४ टक्के. म्हणजे राज्य बनून पन्नास वर्षं झाली तरी खेड्यातल्या चार घरांपैकी एक घर चिमणीवरच होतं.

गरीब घरांसाठी योजना आल्या. १९८८-८९ ची कुटीर ज्योती, एका दिव्याची. २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना, दारिद्र्यरेषेखालच्या घरांना फुकट जोडणीची. २०१७ ची सौभाग्य. या योजनांमुळे खूप घरं उजळली हे खरं. पण जोडणी फुकट, वीज फुकट नाही, हे अनेक घरांना पहिलं बिल आल्यावर कळलं. काहींनी ते भरलं नाही, बाकी चढत गेली आणि आलेला उजेड परत गेला.

विजेनं बायांना काहीच दिलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. गावात पिठाची चक्की आली आणि पहाटेचं जातं सुटलं. नळयोजनेची मोटर चालली आणि डोक्यावरचा हंडा उतरला. आमच्यातल्या साठीच्या एक काकू म्हणतात, "चक्की आली तवा मले पहिल्यांदा सकाळची झोप भेटली." पण याच सुखांमुळे लाइन गेल्यावर सगळ्यात आधी बाईचंच काम वाढतं. चक्की बंद, नळ बंद, की पुन्हा हंडा बाईच्याच डोक्यावर.

मग आले भारनियमनाचे दिवस. साधारण २००५ पासून पुढची सात-आठ वर्षं. राज्यात मागणी जास्त आणि वीज कमी. खेड्यात अर्धा-अर्धा दिवस लाइन नसायची. ज्या भागात वीजगळती जास्त आणि वसुली कमी, तिथं भारनियमन जास्त, असे गटच पाडले होते. वेळेवर बिल भरणारी बाई शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात बसायची. त्यात मनाला लागणारी गोष्ट अशी, की आपल्याच जिल्ह्यात वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. शेजारी चंद्रपूरला राज्यातलं सर्वांत मोठं सरकारी औष्णिक केंद्र आहे, २,९२० मेगावॅटचं. धूळ इकडे आणि उजेड लांबच्या शहरांत, असं तेव्हा वाटायचं ते उगाच नाही.

त्या काळात दोन गोष्टी घडल्या, दोन्ही लक्षात ठेवण्यासारख्या. पहिली अशी. संध्याकाळी गावाला दिव्यापुरती सिंगल फेज लाइन द्यायचे, म्हणजे पंप चालू नयेत. लोकांनी कंडेन्सर लावून त्याच लाइनवर मोटरी चालवल्या. डीपीवर भार आला, डीपी जळाली आणि मग सगळ्या गावाला आठ-पंधरा दिवस अंधार. दुसरी गोष्ट अक्षय प्रकाश योजनेची. गावानंच ठरवायचं की संध्याकाळच्या वेळी कुणी मोटर लावणार नाही, आकडा टाकणार नाही. त्या बदल्यात गावाला दिव्याची लाइन मिळायची. जिथं गावानं शब्द पाळला तिथं पोरं उजेडात अभ्यासाला बसली. खांब, तार, डीपी तीच होती. फरक पडला तो गावाच्या एकीनं.

शेतीच्या लाइनचं दुखणं वेगळं. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी थंडीच्या रात्री घरधनी वावरात जाणार, आणि विंचू-काट्याच्या, रानडुकराच्या भीतीनं घरी बाईची जागल. दिवसा लाइन द्या ही मागणी म्हणूनच बायांचीही आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या प्रयोगासाठी दोन गावं निवडली. एक राळेगणसिद्धी आणि दुसरं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. सूर्य दिवसाच असतो, म्हणून सौर विजेवर ओलित दिवसाच होतं, इतकं साधं ते गणित. पुढं एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, चांगलंच झालं. पण पंपाच्या सवलतीनं चुलीजवळच्या दिव्याचं बिल कमी झालं नाही. ते आपल्यालाच समजून घ्यावं लागेल.

आता बिलाकडे येऊ. एक हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब तेवढ्याच वेळात ९ युनिट खातो. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास, २७ युनिट. आणि आपला वऱ्हाडातला उन्हाळ्याचा राजा, कूलर! २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला ६० युनिट. दोन पंखे आणि एक कूलर मिळूनच १०० च्या पुढं जातात. १०० च्या वरच्या युनिटांना दर जास्त. पण अनेक बायांना वाटतं की १०१ झालं की सगळ्याच युनिटांना वाढीव दर. तसं नाही. पहिल्या १०० ला कमीच दर लागतो, वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क असतं. म्हणून एकही दिवा न लावलेल्या महिन्यातही बिल शून्य येत नाही.

सगळ्यात आधी पाहायचं ते मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. तिथं आकड्याऐवजी 'लॉक' किंवा 'आरएनए' असं लिहिलं असेल, तर ते बिल अंदाजाचं आहे. आमच्या ताईंचं हेच झालं होतं. मीटर आतल्या खोलीत, दिवसा त्या मजुरीला आणि दाराला कुलूप. महिनोन्‌महिने अंदाजाची बिलं येत राहिली.

कायदा काय म्हणतो? वीज कायदा २००३ चं कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी लाइन कापायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून बिलाची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली कमी असेल ती भरा. वाद मिटेपर्यंत त्या बिलासाठी लाइन कापता येत नाही. दोन वर्षांपेक्षा जुनी बाकी मधल्या बिलांत सतत दाखवलेली नसेल, तर ती मागता येत नाही. तक्रारीसाठी १९१२ हा फोन आहे, त्यापुढं ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. त्याआधी जाहीर सुनावणी होते आणि तिथं कोणताही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. गटाच्या ठरावासह दिलेली हरकतही कागदच असते, आणि कागदाला उत्तर द्यावं लागतं.

आमच्या ताईंनी अर्ज दिला, सोबत मीटरचा फोटो जोडला. रीडिंग तपासलं गेलं, जास्तीची रक्कम कमी झाली, उरलेली दोन हप्त्यांत भरायची ठरली. पाचव्या दिवशी लाइन आली. तोवर रवा आंबून गेला होता आणि शेवयांची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. ते नुकसान कुणी भरून दिलं नाही.

पण त्यानंतर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. गटाच्या मासिक बैठकीत बचतीच्या वहीशेजारी आता विजेची वही असते. प्रत्येकीनं आपल्या मीटरचा आकडा आणायचा, बिलाशी ताडून पाहायचा. आणि बिलावरचं नाव बदलायचं. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर कोणाच्या नावानं आहे ते आधी पाहावं लागतं. तिथं नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. आज छतावर सौर पॅनेलसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. पण तिथंही अर्ज करतो तो बिलावरचा ग्राहक. वारलेल्या सासऱ्यांना अनुदान कसं मिळणार?

आधी गाव मोजलं गेलं, मग पंप, मग घर. घर चालवणारी बाई या मोजणीत अजून यायची आहे. आमच्या गटात आजपर्यंत सातजणींची नावं बिलावर चढली. त्या ताईंचं बिल मागच्या महिन्यात आलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी नाव, मग रीडिंग, मग रक्कम.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर बिल काढा आणि वरचं नाव वाचा. पुढच्या बैठकीत सांगा, ते कोणाचं आहे.